दोर

मी आल्गोत. बत्तीस वर्षं या लॉकवर,
डाल्सलँडच्या कालव्यावर, पाइनच्या रानात.
काम साधं आहे. खालून आलेली नाव
दगडी हौदात घ्यायची, मागचं दार लावायचं,
मग चाक फिरवून वरच्या तळ्याला वाट द्यायची.
नाव वर येते. दोन पुरुष उंच, दर खेपेला.
कुणी तिला उचलत नाही.

सिक्स्तेन नऊ वर्षांचा असताना
चाकाच्या लोखंडी दांड्यानं मी त्याला मारलं.
वंगणाचा डबा सांडला होता, एवढंच कारण.
त्याचा उजवा कान तेव्हापासून अर्धाच ऐकतो.

त्या रात्री एक वही केली,
पाणपातळीच्या वहीसारखीच, निळ्या पुठ्ठ्याची.
तीन रकाने: राग, दारू, खोटं.
चुकलो की फुली. नाही चुकलो की कोरं.
एकदा सलग एकोणीस दिवस कोरे गेले.
विसाव्या दिवशी चॅपलमध्ये
एव्हर्टच्या तोंडाच्या वासावर मी नाक मुरडलं
आणि घरी येऊन चौथा रकाना आखायला घेतला.
पट्टी सापडेना.
मेर्तानंच उचलली असणार म्हणून
तिच्यावर ओरडलो.

सोळा वर्षं. अकरा वह्या.
अक्षर तेवढं वळणदार झालं.

मग ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी
गुनवोरची लाकडानं लादलेली नाव आली.
दोराला नवा पोरगा, पहिलीच फेरी.
नाव हलू नये म्हणून त्यानं
भिंतीतल्या खालच्या कडीला दोर आवळला,
गाठीवर गाठ.
मी चाक फिरवलं. पाणी आलं.
नावेची पाठ उचलली, नाक तिथंच.
दोर ताठ झाला, कण्हायला लागला,
पाणी काठावरून आत, ओंडक्यांखाली शिरलं,
आणि पोरगा
अजून एक गाठ मारत होता.

सोड! मी ओरडलो.
तू धरून ठेवलंयस म्हणून बुडतेय ती!

गुनवोरनं कुऱ्हाडीनं दोर तोडला.
नाव उसळली, दोनदा डुलली,
मग गुमान पाण्याबरोबर वर आली.

रात्री चुलीपाशी बसलो तर
ते वाक्य खोलीत होतं.
माझंच, पण माझ्याकडं तोंड करून.

प्रार्थना केली असं म्हणवत नाही.
म्हणालो, ख्रिस्ता, हे मला जमत नाही.
सोळा वर्षं जमलं नाही.
या वह्या घे. पोराचा कान घे.
देण्यासारखं दुसरं काही नाही,
आणि हेही देण्यासारखं नाही.
उजेडबिजेड पडला नाही.
वरच्या दाराच्या फटीतून पाणी झिरपत होतं,
त्याचा आवाज.
तो रोजच येत असणार.

ऑक्टोबरात सिक्स्तेन आला, लेकीला घेऊन.
पोरीनं कॉफीचा अख्खा मग
पाणपातळीच्या वहीवर सांडला.
मी फडकं आणलं, पुसलं,
पानं चुलीजवळ वाळत घातली,
तिला म्हटलं, बघ, जुलैचं तळं तपकिरी झालं.
मग मान वर केली तर
सिक्स्तेन दारात उभा, माझ्या हातांकडं बघत.
तेव्हा कळलं मला.
राग मी गिळला नव्हता.
गिळायला तो आलाच नव्हता.
आणि हे माझं काम नव्हे,
मला माझं काम ओळखता येतं,
त्यावर फुल्या असतात.

फार मोठं करून सांगू नये.
बिजागऱ्यांना अजून शिव्या देतो.
एव्हर्टकडं जायचं राहिलंय.
चाक रोज मलाच फिरवावं लागतं,
खांदा दुखतो. पण तळं मी भरलेलं नाही.

सिक्स्तेन काही बोलला नाही. बाकावर बसला.
मला त्याला काही सांगायचं होतं,
पंचवीस वर्षांचं, दोनच शब्दांचं.
मी उठलो
आणि त्याच्या डाव्या बाजूला जाऊन बसलो.
त्या बाजूनं त्याला नीट ऐकू येतं.